जुन्या गाडीची किंमत ठरते तरी कशी?

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या किसिमी इथे एका लिलावात १९६८ सालची हिरवी फोर्ड मस्टँग विक्रीला आली. रंग विटलेला, पत्र्याला जागोजागी गंज, आतलं सगळं वापरून जीर्ण झालेलं. ज्या कुटुंबाची ती होती, त्यांनी ती १९७४ मध्ये ३,५०० डॉलरना घेतली होती आणि काही वर्षं घरातली रोजची गाडी म्हणून वापरली होती. बोली थांबली ती ३४ लाख डॉलरवर.

त्याच वर्षीची, त्याच इंजिनाची, नव्याने रंगवून चकचकीत केलेली मस्टँग या रकमेच्या अगदी लहानशा हिश्शात तेव्हाही मिळत होती, आजही मिळते. म्हणजे खराब दिसणारी गाडी सुंदर दिसणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी पटींनी महाग गेली. अशी बातमी वाचली की दोन प्रतिक्रिया येतात. एक, ‘पैसेवाल्यांचे चाळे, दुसरं काय!’ दुसरी, ‘आपल्या गॅरेजमध्ये पडलेल्या त्या गाडीचे किती येतील?’ पहिली प्रतिक्रिया अगदीच चुकीची नाही. दुसरीचं उत्तर मात्र बऱ्याच शिस्तीने काढता येतं, आणि ते काढायची रीत वाटते तेवढी गूढ नाही.

या मस्टँगपुरतं सांगायचं तर, १९६८ च्या एका पोलिसी चित्रपटातल्या गाजलेल्या पाठलागात हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली ती गाडी होती. चित्रीकरणासाठी कॅमेरे बसवायला जोडलेले लोखंडी तुकडे अजून तिच्या अंगावर होते. मॅक्वीनने १९७७ मध्ये ही गाडी परत विकत मागणारं पत्र मालकांना लिहिलं होतं आणि त्यांनी ते जपून ठेवलं होतं. रंग नव्याने दिला असता, ते तुकडे कापून टाकले असते, पत्र हरवलं असतं, तर ती उरली असती फक्त एक जुनी हिरवी मस्टँग. घेणाऱ्याने पैसे मोजले ते गाडीसाठी कमी आणि ‘हीच ती’ हे सिद्ध करणाऱ्या पुराव्यांसाठी जास्त.

नेहमीचा सेकंडहँड हिशेब इथे का चालत नाही

साध्या वापरलेल्या गाडीची किंमत काढणं सोपं असतं. मॉडेल कोणतं, साल कोणतं, किती किलोमीटर चालली, एवढं सांगितलं की अंदाज येतो, कारण तशा हजारो गाड्या बाजारात असतात आणि एकीच्या जागी दुसरी घेतली तरी फारसं बिघडत नाही. या गाडीची किंमत दरवर्षी घसरत जाते.

घसरता घसरता ती तळाला पोचते, आणि पुढचा प्रकार मजेशीर असतो. तळाला असलेल्या गाडीवर कुणी खर्च करत नाही. क्लच गेला की ती भंगारात जाते, कारण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. अशा रीतीने पंधरा-वीस वर्षांत त्या मॉडेलच्या बहुतेक गाड्या संपतात. जी मॉडेल्स कुणाला आठवतही नाहीत, त्यांची गोष्ट इथेच संपते. काही मोजक्या मॉडेलच्या बाबतीत मात्र, लहानपणी ती गाडी रस्त्यावर बघून हरखलेली मुलं तोवर मोठी होऊन कमावती झालेली असतात. त्यांना ती हवी असते आणि चांगल्या उरलेल्या असतात थोड्याच. किंमत तळातून वर यायला लागते.

इथून पुढे हिशेबाची पद्धतच बदलते. आता प्रश्न ‘या मॉडेलची किंमत किती’ असा राहत नाही, ‘या एका गाडीची किंमत किती’ असा होतो.

जुनी आहे, दुर्मीळ आहे, म्हणजे महाग असणारच ना?

नाही. वयाचा आणि किमतीचा थेट संबंध नाही. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर बनली. आज ती शंभरी गाठलेली गाडी आहे, पण इतक्या शिल्लक आहेत की तिची किंमत कित्येक तरुण स्पोर्ट्स गाड्यांपेक्षा फारच कमी भरते. ‘विंटेज’, ‘क्लासिक’ ही लेबलं क्लबांना आणि रॅलीच्या नियमांना उपयोगी पडतात. ती लावल्याने किमतीत भर पडत नाही.

दुर्मिळतेचंही तसंच. काही गाड्या दुर्मीळ असतात कारण त्या कुणालाच नको होत्या, आणि त्या आजही कुणाला नको असतात. दुर्मिळतेला मागणीची जोड मिळाली तरच पैसा होतो. याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा, उघड्या टपाची. ‘हेमी’ हे सात लिटरचं शर्यतीच्या तोडीचं इंजिन कंपनी जास्तीचे पैसे घेऊन बसवून द्यायची. ते महाग होतं आणि अशा गाड्यांचा विमाही महागत चालला होता, त्यामुळे उघड्या टपाच्या गाडीत हे इंजिन मागवणारे जेमतेम ११ निघाले. तेव्हा न खपलेली ती गाडी २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. त्याच कारखान्यातून त्याच वर्षी बाहेर पडलेली, साधं इंजिन असलेली, बाहेरून जवळपास तशीच दिसणारी गाडी याच्या आसपासही फिरकत नाही. अख्खा फरक कारखान्यातल्या एका ऑर्डरच्या कागदात आहे.

आणि म्हणूनच तो कागद, किंवा ते इंजिन, खोटं करण्याचा मोह लोकांना होतो.

पहिली पायरी: ही गाडी नक्की कोणती?

किंमत काढण्याच्या कामातला निम्म्याहून अधिक वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर चासी नंबर कोरलेला असतो आणि इंजिनावर इंजिन नंबर. १९८१ पासून सतरा अंकी-अक्षरी चासी नंबराची पद्धत रूढ झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली तऱ्हा होती, त्यामुळे जुन्या गाडीचा नंबर वाचायला त्या कंपनीची पद्धत माहीत असावी लागते. कारखान्यातून निघताना ज्या चासीत जे इंजिन होतं तेच आजही असेल, तर त्याला या क्षेत्रात ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. जॅग्वार, पोर्शे, फेरारी यांसारख्या कंपन्या जुन्या नोंदी तपासून, शुल्क घेऊन तसा दाखला देतात: कोणत्या तारखेला बनली, कोणता रंग, कोणतं इंजिन, कुठे पाठवली.

काही मॉडेलमध्ये अगदी बारीक खुणांनी किंमत बदलते. १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या पहिल्या सुमारे पाचशे गाड्यांचं बॉनेट बाहेरून किल्लीने उघडावं लागायचं. नंतर कंपनीने ती सोय गाडीच्या आत नेली. वापरायला नंतरची पद्धत कितीतरी बरी, पण संग्राहकाला हवी असते ती पहिलीच. पुढे १९७४ पर्यंत ई-टाइप बनत राहिली, मोठं बारा सिलिंडरचं इंजिन आलं, गाडी आरामशीर झाली, तरी बाजार सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांनाच जास्त मोल देतो. यात तर्क शोधायचा तर एवढाच, की मूळ कल्पना जितकी शुद्ध, तितकी ती लोकांना प्यारी.

नंबर पुसून पुन्हा कोरण्याचे प्रकार होतात, साध्या गाडीला भारी गाडीची चिन्हं आणि इंजिन बसवण्याचे प्रकार तर सर्रास होतात. अशी गाडी ‘प्रतिकृती’ म्हणून उघडपणे विकली तर त्यात गैर काही नाही. पण ती खऱ्याच्या भावाने खपवली गेली, तर पुढच्या विक्रीत कुणीतरी जाणकार तिचे नंबर बघतो आणि फुगा फुटतो. लिलावाच्या कॅटलॉगमधलं वर्णन वाचताना मी आधी तिथे काय लिहिलेलं नाही ते शोधतो. ‘योग्य प्रकारचं इंजिन’ असं लिहिलं असेल आणि ‘मूळ इंजिन’ असं लिहिलेलं नसेल, तर काय समजायचं ते समजावं.

सगळेच भाग बदलले असतील, तर ती तीच गाडी का?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो, पण तो १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेला होता, आणि पणाला लागले होते १ कोटी पौंड. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची शर्यत जिंकलेली. एका कंपनीने ती विकत घ्यायचं कबूल केलं आणि मग पाय मागे घेतला. त्यांचं म्हणणं असं, की ही ती गाडीच नाही. शर्यतींच्या काळात तिचं इंजिन बदललं, १९३२ मधल्या अपघातानंतर बॉडी नवी आली, १९२९ च्या विजेत्या गाडीतले भाग तर आता जवळजवळ उरलेलेच नाहीत.

न्यायमूर्ती ऑटन यांनी भाग बदलल्याचं मान्य केलं आणि तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ही गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, पण तिचा इतिहास कुठेही तुटला नाही. प्रत्येक टप्प्यावर लोक तिलाच ‘ओल्ड नंबर वन’ म्हणत होते आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही.

किंमत काढणाऱ्याने या निकालातून एक व्यवहारी गोष्ट उचलायची. शर्यतीच्या गाडीत इंजिन बदललेलं असणं हा तिच्या आयुष्याचाच भाग आहे. तिथे सलग इतिहास महत्त्वाचा. रस्त्यावरच्या साध्या कौटुंबिक गाडीचं इंजिन बदललं असेल, तर मात्र खरेदीदार सरळ पैसे कापतो. दोघींना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

दुसरी पायरी: अवस्था, आणि स्वतःला फसवू नये

अमेरिकेतली हॅगर्टी ही जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारी कंपनी किमतींचं एक मार्गदर्शक पत्रक काढते. त्यात गाडीच्या अवस्थेचे चार दर्जे केलेले आहेत. पहिला दर्जा प्रदर्शनात बक्षीस घेणाऱ्या, जवळपास निर्दोष गाडीचा. दुसरा उत्कृष्ट, तिसरा चांगला, म्हणजे नीट चालणारी पण वापराच्या खुणा असलेली गाडी. चौथा चालती-फिरती पण दोष उघड दिसणारी. एकाच मॉडेलमध्ये पहिल्या आणि चौथ्या दर्जाच्या किमतीत काही पटींचा फरक पडू शकतो. गंमत अशी, की मालकाला विचारलं तर त्याची गाडी बहुधा दुसऱ्या दर्जाची असते, आणि बाहेरच्या माणसाने बघितली की ती तिसऱ्यात, कधी चौथ्यात बसते.

बघायचं काय? चमक सोडून सगळं. गंज हा सगळ्यात महाग दोष, कारण तो दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. गाडीचा तळ, दाराखालची पट्टी, चाकांच्या वरचा पत्रा, सस्पेन्शन जिथे चासीला जोडलं जातं ती जागा. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. दारावर एक आकडा आणि शेजारच्या पत्र्यावर त्याच्या पाचपट आकडा आला, तर मध्ये पुट्टी भरलेली आहे. यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबकही बरंच सांगून जातो: लोखंडी पत्र्याला तो चिकटतो, जाड पुट्टीवर घसरतो. टायरची नक्षी नवी कोरी दिसली तरी बाजूवर छापलेला चार आकडी कोड वाचावा. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. न चालवलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारं होतं, आणि तेच इंधनाच्या नळ्यांचं, ब्रेकच्या सीलचं.

आता मूळ अवस्थेतली गाडी आणि पूर्ण रिस्टोअर केलेली, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखी केलेली गाडी यांच्यातला वाद. तीसेक वर्षांपूर्वी बाजार चकचकीत गाडीकडे झुकलेला होता. आता वारं बरंच उलटं फिरलंय. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायाँ संग्रहातल्या ५९ गाड्यांचा लिलाव झाला. फ्रान्समधल्या एका शेतावर, मोडक्या शेडखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या या गाड्या. काहींचा पत्रा हाताने चुरगळेल इतका गंजलेला. त्यांत एका गॅरेजमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, कधीकाळी अभिनेता आलँ दलाँच्या मालकीची. ती धुळीसकट उभी केली आणि १ कोटी ६० लाख युरोंहून जास्त किंमत घेऊन गेली.

यावरून लगेच ‘धूळ पुसायची नाही’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग निघाले. त्यांच्यासाठी सांगायला हवं, की पैसे धुळीचे नव्हते. त्या गाडीला आजवर कुणी हात लावलेला नाही याची धूळ ही साक्ष होती, आणि गाडी मुळातच अत्यंत मोलाची होती. साध्या मॉडेलची गंजकी गाडी ही फक्त गंजकी गाडी असते.

‘पण मी तिच्यावर एवढा खर्च केलाय!’

विकायला बसलेल्या मालकाचं हे सगळ्यात आवडतं वाक्य, आणि खरेदीदाराला त्याचं काडीचंही देणंघेणं नसतं. पूर्ण रिस्टोरेशनमध्ये पत्राकाम, रंगकाम, क्रोम, सीटकाम, इंजिन उघडणं हे सगळं माणसाच्या तासांवर चालतं. गाडी स्वस्त आहे म्हणून रंगारी कमी तास लावत नाही. परिणामी लोकप्रिय पण साध्या गाडीचं रिस्टोरेशन बहुतेक वेळा तयार गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडतं. त्यामुळे ज्याला फक्त गाडी हवी आहे त्याने दुसऱ्याने खर्च करून तयार केलेली घ्यावी, हा सल्ला क्रूर वाटला तरी बरोबर आहे. ज्याला स्वतः ते काम करण्यातच आनंद आहे त्याने जरूर करावं, फक्त तो खर्च किमतीच्या खात्यात मांडू नये.

बिलं मात्र फेकू नयेत. खर्चाची रक्कम किमतीत धरली जात नसली तरी काम कधी, कुठे, कोणत्या भागांनी झालं याचा पुरावा म्हणून त्यांना मोल आहे. फोटोंसकट असलेली फाइल आणि ‘सगळं काम केलंय’ हे तोंडी आश्वासन, यांत खरेदीदाराच्या लेखी मोठी दरी असते.

तिसरी पायरी: विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे

एखाद्या इमारतीतलं घर विकायचं असेल तर आपण खालच्या मजल्यावरचं घर अलीकडे कितीला गेलं ते विचारतो, मग आपलं वरच्या मजल्यावर आहे, उजेड जास्त आहे, पण गळती आहे, असं अधिक-उणे करतो. गाडीचंही हेच करायचं. अट एकच: आकडा विक्रीचा हवा, मागणीचा नको. नेटवर दिसणारी किंमत ही मालकाची इच्छा असते. वर्षभर त्याच भावाला लटकलेली जाहिरात उलट सांगते, की त्या भावाला कुणी घेत नाही.

लिलावाचे निकाल जाहीर असतात म्हणून सोयीचे, पण तेही जपून वाचावे लागतात. हातोडा पडतो तो आकडा आणि घेणाऱ्याने प्रत्यक्षात भरलेला आकडा वेगळा असतो, कारण लिलावगृह त्यावर खरेदीदाराकडून शुल्क घेतं, बहुधा दहा-बारा टक्के. सुरुवातीच्या मस्टँगची बोली ३४ लाखांवर थांबली, पण शुल्क धरून बातम्यांत ३७ लाख ४० हजार असा आकडा आला. विकणाऱ्याकडूनही बऱ्याचदा कमिशन कापलं जातं. समजा हातोडा १०० वर पडला, तर घेणाऱ्याला ११० पडले आणि कमिशन ८ असेल तर विकणाऱ्याच्या हाती ९२ आले. एकाच व्यवहाराचे हे तीन खरे आकडे. आपली गाडी विकणारा ११० बघून स्वप्नं रंगवतो, हाती येणार असतात ९२ किंवा त्याहून कमी.

न विकल्या गेलेल्या गाड्याही बघाव्यात. मालकाने आधीच ठरवून दिलेल्या किमान रकमेला, म्हणजे राखीव किमतीला, बोली पोचली नाही तर गाडी परत जाते. तिथे थांबलेली बोली म्हणजे त्या दिवशी बाजाराने दिलेलं उत्तर असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला पोर्शे टाइप ६४ या युद्धपूर्व गाडीच्या लिलावात तर तमाशाच झाला. उच्चारांच्या गोंधळात पडद्यावर बोली ३ कोटींपासून थेट ७ कोटी डॉलरपर्यंत चढत गेली, सभागृहात जल्लोष झाला आणि मग सांगण्यात आलं की आकडा १ कोटी ७० लाख आहे. गाडी विकलीच गेली नाही.

आता एक काल्पनिक हिशेब. तुमच्या मॉडेलच्या चार गाड्या वर्षभरात विकल्या गेल्या: ९०, ९६, १०२ आणि १५०. सरासरी काढायचा मोह आवरायचा. १५० वाली प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली, पहिल्या मालकापासूनची सगळी कागदपत्रं असलेली. ती बाजूला ठेवा. ९० वालीचं इंजिन बदललेलं होतं. तुमच्या गाडीचं इंजिन मूळचं आहे, म्हणजे ती तिच्या वर आणि ९६-१०२ च्या जवळ. पण तळाला गंज आहे आणि मेकॅनिक दुरुस्तीला ८ सांगतो. खरेदीदार ८ कापणार नाही, १२ कापेल, कारण पत्रा उघडल्यावर आत काय निघेल ही धास्ती तो घेतोय. उत्तर आलं ८४ ते ९०. एकच नेमका आकडा सांगणाऱ्यापेक्षा असा पट्टा सांगणारा माणूस जास्त भरवशाचा.

कमी चाललेली बरी, की चालवलेली?

मॅक्लारेन एफ१ या स्पोर्ट्स मॉडेलच्या एकूण १०६ गाड्या बनल्या. त्यांतली एक, चारशे किलोमीटरहूनही कमी चाललेली, ऑगस्ट २०२१ मध्ये पेबल बीचला २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर गेली. इथे न चालवणं हीच खासियत होती.

आणि त्याच मॉडेलची दुसरी बाजू. विनोदी नट रोवन अॅटकिन्सन यांनी आपली एफ१ मनसोक्त चालवली आणि दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतर विमा कंपनीने दुरुस्तीसाठी ९ लाख १० हजार पौंड मोजले. साध्या गाडीचा एवढा चुराडा झाला असता तर विमा कंपनीने ती भंगारात काढून मालकाला पैसे दिले असते. इथे गाडीची बाजारातली किंमत दुरुस्तीच्या खर्चाहून बरीच वर होती, म्हणून दुरुस्तीच स्वस्त पडली. २०१५ मध्ये ती गाडी ८० लाख पौंडांच्या किमतीला बाजारात आली. दुरुस्ती गाडी बनवणाऱ्यांच्याच हातून झाली होती आणि सगळं कागदावर होतं, त्यामुळे अपघात लपवण्याचा प्रश्नच नव्हता. अपघातापेक्षा लपवलेला अपघात किमतीला जास्त मारक.

मधल्या बहुसंख्य गाड्यांबाबत माझं मत असं, की नियमित चालवलेली गाडी दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीपेक्षा घेणाऱ्याच्या जास्त फायद्याची असते. मीटरवरचा कमी आकडा कागदपत्रांनी सिद्ध होत नसेल, तर त्याला शून्य किंमत द्यावी.

म्हणजे ही चांगली गुंतवणूक आहे?

कधी कधी. ऑगस्ट १९८८ मध्ये एंझो फेरारी गेले आणि आधीच तापलेला फेरारीचा बाजार उकळायला लागला. गाडी बघायचीही तसदी न घेता लोक कर्ज काढून खरेदी करत होते आणि काही महिन्यांत पुढच्याला विकत होते. नव्वदीच्या सुरुवातीला मंदी आली, व्याजदर चढलेले होते, आणि किमती कोसळल्या. शिखरावर घेणाऱ्यांतल्या कित्येकांना आपले पैसे परत बघायला दशकाहून जास्त थांबावं लागलं.

आवडही पिढीबरोबर सरकते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अनेक सामान्य गाड्यांना आता गिऱ्हाईक मिळेनासं झालंय, कारण त्यांच्यावर जीव असलेली पिढी मागे पडली. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या जपानी आणि जर्मन गाड्या वर गेल्या. कधी सरकारी नियमही भाव हलवतो. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा मानकांच्या अटीतून सुटते. निसान स्कायलाइन जीटी-आरचं आर३४ हे रूप १९९९ पासून बनायला लागलं, म्हणजे २०२४ पासून त्या गाड्या एकेक करून अमेरिकेला खुल्या होऊ लागल्या. हे गणित सगळ्यांना आधीच ठाऊक असल्याने भाव कितीतरी आधी चढले. गाडी कोणत्या महिन्यात बनली याला अचानक महत्त्व आलं.

शिवाय सोन्यासारखी ती कपाटात गप्प बसत नाही. जागा, विमा, देखभाल, विकतानाचं कमिशन हे सगळं वजा करूनच नफा मोजायचा.

तुलनेला दुसरी गाडीच नसेल तर?

मर्सिडीज-बेंझने १९५५ मध्ये ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे बनवल्या, फक्त दोन. त्याच वर्षी ल माँला भीषण अपघात झाला, मोसम संपल्यावर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली, आणि या दोन गाड्या शर्यतीत कधी उतरल्याच नाहीत. दोन्ही कंपनीकडेच राहिल्या. ५ मे २०२२ ला त्यांतली एक श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात निमंत्रितांसमोर विकली गेली, १३ कोटी ५० लाख युरोंना. त्याआधीचा जाहीर लिलावातला विक्रम होता ४ कोटी ८४ लाख डॉलर, २०१८ मध्ये फेरारी २५० जीटीओचा. अशा वेळी कुठलंही पत्रक कामाला येत नाही. ती घेऊ शकतील अशी माणसं किती, आणि दुसरी संधी मिळणार नाही हे त्यांतल्या किमान दोघांना किती टोचतंय, यावर आकडा ठरतो. दोघं लागतात. एकच असेल तर बोली वाढत नाही.

तज्ज्ञांचा अंदाज या उंचीवर चुकतोही. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला १९६२ ची आणखी एक जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. फेरारीसाठी हा लिलावातला नवा विक्रम होता, पण आधी चर्चा ६ कोटींच्या वरची होती. बातम्या विक्रमाच्या झाल्या.

शेवटी कोणता आकडा धरायचा?

कशासाठी हवा आहे त्यावर. विम्यासाठी काढलेली किंमत सगळ्यात वरची असते, कारण उद्या गाडी जळाली तर तशीच दुसरी शोधून आणायला लागणारा पैसा त्यात धरायचा असतो. जुन्या गाडीचा विमा उतरवताना रक्कम कंपनीशी आधीच ठरवून पॉलिसीत लिहून घ्यावी. नाहीतर दाव्याच्या वेळी साध्या सेकंडहँड गाडीप्रमाणे घसारा लावला जाण्याची भीती असते. वारसांत वाटणी करायची असेल तर आजच्या तारखेला, सावकाश विकली तर काय येईल तो आकडा. डीलरला आज संध्याकाळी देऊन मोकळं व्हायचं असेल तर त्याहून बराच कमी, कारण त्याला दुरुस्ती, जागा आणि आपला नफा काढायचा असतो. तीनही आकडे एकाच गाडीचे, एकाच दिवशीचे आणि तीनही बरोबर असू शकतात.

म्हणून किमतीचा दाखला हातात पडला की आधी तीन ओळी शोधाव्यात: तारीख, हेतू आणि गाडी प्रत्यक्ष पाहून लिहिलंय की फोटोंवरून. फोटोंवरून लिहिलं असेल तर तळाच्या गंजाचा विचार त्यात नाही. दाखला तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल तर तो नव्याने करून घ्यावा, आणि त्याच वेळी जुनी बिलं, दाखले, आधीच्या मालकांची पत्रं यांच्या प्रती काढून गाडीपासून वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.